भिलाईची थंडी आणि झालरीचा स्कार्फ

भिलाईत थंडी पडते का, हा प्रश्न पुण्या-मुंबईकडची माणसं हमखास विचारतात. छत्तीसगड म्हटलं की त्यांना मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन आठवतं आणि भिलाई म्हटलं की लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या. दोन्ही खरं आहे. पण डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारी संपेपर्यंत इथला पारा रात्री १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. पहाटे स्कूटरवर बसलात तर कान आणि गळा आधी गारठतात. आणि अकरा वाजता असं लख्ख ऊन पडतं की अंगातला स्वेटर कुठे काढून ठेवू असं होतं. म्हणजे स्वेटर घातला तर जास्त होतो आणि काहीच घेतलं नाही तर कमी पडतं. दीड महिन्याच्या या अर्धवट थंडीला नेमका पुरतो तो स्कार्फ. सकाळी गळ्यात, दुपारी पिशवीत, संध्याकाळी पुन्हा गळ्यात.

छत्तीसगढी भाषेत थंडीला ‘जाड’ म्हणतात. भाजीवाली बाई हात चोळत ‘अब्बड जाड लागत हे’ म्हणाली की मराठी कानाला वाटतं, ही कुणाला तरी जाड म्हणतेय! मला पहिल्या दिवशी हसू आवरेना. चौथ्या दिवशी मीही जाड लागते म्हणू लागले.

या जानेवारीत दहा दिवस मी भिलाईला मावशीकडे राहिले. काका ३१ जानेवारीला रिटायर होणार होते आणि त्यानंतर क्वार्टर रिकामं करून दोघं नागपूरला येणार होते. सामान बांधायला हात हवेत म्हणून मला बोलावलं होतं. प्रत्यक्षात माझ्या हातात आल्या दोन सुया.

नागपूरहून दुर्गपर्यंत

नागपूर ते दुर्ग हे रेल्वेने सुमारे २६५ किलोमीटरचं अंतर. डिसेंबर २०२२ पासून नागपूर-बिलासपूर वंदे भारत सुरू झाल्यापासून ते फारच जवळ वाटू लागलंय, पण खिडकीतून बघायचं असेल तर साध्या एक्सप्रेसने जा. गोंदिया सोडलं की आमगाव, सालेकसा, दरेकसा अशी स्टेशनं येतात, जंगल दाट होतं, डोंगर रुळांजवळ सरकतात. महाराष्ट्र इथे संपतो. मग डोंगरगड. बम्लेश्वरी देवीचं टेकडीवरचं देऊळ गाडीतून दिसतं आणि डब्यातले अर्धे लोक उभे राहून हात जोडतात. राजनांदगाव मागे पडलं की शिवनाथ नदीचा पूल, आणि लगेच दुर्ग.

याच गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. छत्तीसगडमध्येही सरगुजा जिल्ह्यात मैनपाटच्या पठारावर अशीच एक वसाहत १९६०च्या दशकापासून आहे. थंडीत आपल्या गावोगावी जे तिबेटी स्वेटरबाजार लागतात, त्यातल्या विक्रेत्यांपैकी कितीतरी जण अशाच वसाहतींतून आलेले असतात. माल बहुतेक लुधियान्याचा असतो. आपण मात्र तो ‘तिबेटी स्वेटर’ म्हणूनच घेतो.

दुर्ग आणि भिलाई ही जुळी शहरं. कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं, ते रिक्षावाल्यालाच माहीत. दुर्गनंतर भिलाई नगर, भिलाई पॉवर हाउस आणि भिलाई अशी तीन स्टेशनं लागतात. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या दुर्गलाच थांबतात, त्यामुळे तिकीट काढताना दुर्ग लक्षात ठेवा. गाडीतून उतरताना काका दरवेळी रुळांकडे बोट दाखवतात. ‘हे आमचे.’ भारतीय रेल्वेला रूळ पुरवणारा मुख्य कारखाना म्हणजे भिलाईचा. २६० मीटर लांबीचे पट्टे इथून निघतात. आयुष्यभर रेल मिलमध्ये काम केलेल्या माणसाने रुळांना ‘आमचे’ म्हणावं, यात चूक काय!

एका गल्लीत अर्धा भारत

सोव्हिएत रशियाच्या मदतीने पोलाद कारखाना उभारायचा करार १९५५ साली झाला. तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती! पुढच्या वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. २००० साली छत्तीसगड वेगळं झालं आणि राजधानी रायपूरला आली. माझ्या मावशीच्या सासरच्या मंडळींना यातलं काही फारसं लागलं नाही. त्यांच्यासाठी नागपूरहून भिलाईला नोकरीला जाणं म्हणजे आपल्याच मुलखात दोन स्टेशनं पुढे जाण्यासारखं होतं. त्याआधीही मराठी माणूस इथे होताच. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी छत्तीसगड घेतलं आणि बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार बघत होते. १९०० साली पेंड्रा इथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रेसुद्धा मराठी घरातलेच.

४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं आणि देशभरातून माणसं इथे येत राहिली. टाउनशिप सेक्टरांत वसवलेली, रस्ते सरळ आणि रुंद, दोन्ही बाजूंना मोठी झाडं. प्रत्येक क्वार्टरमागे थोडी मोकळी जागा, तिथे शेवगा, पेरू, कढीलिंब. सेक्टर ६मध्ये कालीबाडी आहे आणि गुरुद्वाराही, सेक्टर २मध्ये अय्यप्पाचं देऊळ, सेक्टर ९मध्ये हनुमान. सेक्टर ७मध्ये अजूनही ‘रशियन कॉम्प्लेक्स’ नाव टिकून आहे, आणि पांढरे वाघ असलेल्या बागेचं नाव आहे ‘मैत्री बाग’. पाहुण्यांना इथे आणायचं, हे प्रत्येक भिलाईकराचं कर्तव्यच असतं.

मावशी लग्न होऊन १९९०मध्ये इथे आली. तिच्या रांगेत तेव्हा समोर पंजाबी, डावीकडे तेलुगू, उजवीकडे बंगाली, आणि कोपऱ्यावर बिलासपूरकडचं छत्तीसगढी कुटुंब. नवरे पाळ्यांवर. कुणाचा नवरा पहाटे निघालेला, कुणाचा रात्रपाळी करून झोपलेला, त्यामुळे घरात आवाज करायची सोय नाही. मग बायका मागच्या अंगणात खाटेवर बसायच्या. मावशीला तेव्हा नीट हिंदीही येत नव्हतं. आमच्याकडचं नागपुरी हिंदी वेगळं, त्याने पंजाबी काकूंची करमणूक व्हायची. बोलणं होईना, तेव्हा त्या काकूंनी तिच्या हातात सलाया दिल्या. विणताना फार बोलावं लागत नाही, समोरच्याचे हात बघितले तरी पुरतं.

त्या अंगणातली भाषा मला फार आवडली. मराठीत आपण सुई आणि टाका म्हणतो, सुलट आणि उलट म्हणतो. पंजाबी काकूंची हिंदी म्हणजे सलाई आणि फंदा, सीधा आणि उल्टा. बंगाली काकू सुईला ‘काटा’ म्हणतात आणि टाक्याला ‘घर’. छत्तीस घरं उचल, असं त्या सांगतात. तेलुगू काकू दोन सुयांच्या वाटेला जात नाहीत. त्यांचा क्रोशा. त्यांचं माहेर पश्चिम गोदावरी जिल्ह्यात, नरसापूरच्या बाजूला, आणि नरसापूरची क्रोशाची लेस प्रसिद्ध आहे. दोन सुयांवर विणायला निवांतपणा लागतो, क्रोशाचं काम बसस्टॉपवरही होतं, असा त्यांचा टोमणा. मावशी अजूनही ‘छत्तीस घरं, आठ नंबरच्या सलाया, सगळं सुलट’ असं एका वाक्यात तीन भाषा वापरून सांगते आणि ऐकणाऱ्या सगळ्यांना ते समजतं.

संक्रांतीचं वाण

कंपनीचं घर नोकरीबरोबर मिळतं आणि नोकरीबरोबर सोडायचं असतं, हे टाउनशिपमध्ये सगळ्यांनाच ठाऊक असतं. तरी वेळ येते तेव्हा जड जातं. मावशीच्या रांगेतली काही घरं आधीच बदलली आहेत. छत्तीसगढी कुटुंब गावी परतलं. बंगाली काकू मुलाकडे बेंगळुरूला जायच्या बेतात आहेत. आता मावशीची पाळी.

भिलाईतलं शेवटचं हळदीकुंकू आणि त्यात वाण काय लुटायचं, यावर पंधरा दिवस विचार झाला होता. स्टीलच्या वाट्या? ‘स्टीलच्या गावात स्टील काय वाटू!’ असं काकाच म्हणाले. प्लॅस्टिकचे डबे तिला नको होते. शेवटी ठरलं, की हळदीकुंकवाला येतील त्या सगळ्यांना तिळगूळ आणि छोटे रुमाल, आणि पस्तीस वर्षं ज्यांच्याबरोबर अंगण वाटून घेतलं त्या पाच जणींना हाताने विणलेला एकेक स्कार्फ. झालर लावलेला. मी पोचले तेव्हा तीन तयार होते, चौथा सुयांवर होता, आणि रथसप्तमी जवळ आली होती.

‘तू विणशील पाचवा,’ मावशी म्हणाली. ‘येत नाही ना? मग तर सगळ्यात सोपा.’

दोघी मिळून पॉवर हाउसच्या सर्क्युलर मार्केटला लोकर आणायला गेलो. रविवार असता तर सुपेल्याच्या बाजारात गेलो असतो. तिथे गर्दीत फिरायची मजा असते, पण लोकर मावशी ठरलेल्या दुकानातूनच घेते. दुकानदाराने विचारलं, लहान मुलाचं आहे का. नाही म्हटल्यावर जाड, मऊ ॲक्रिलिक काढून दिलं. आपण सवयीने ‘लोकर’ म्हणतो, पण बाजारातले बरेचसे गुंडे ॲक्रिलिकचेच असतात. भिलाईच्या थंडीला ते पुरेसं आहे. शिवाय धुवायला सोपं, टोचत नाही, आणि कसर लागत नाही. एक गोष्ट नक्की बघा: गुंड्याच्या कागदी पट्टीवर रंगाच्या नंबरासोबत लॉट नंबर छापलेला असतो. सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या. दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये दोन मरून सारखे दिसतात आणि अंगणातल्या उन्हात स्कार्फच्या मधोमध रेघ उमटते.

आता विणायला बसू

साहित्य अगदी थोडं. २०० ग्रॅम मध्यम जाडीची लोकर (५० ग्रॅमचे चार गुंडे), ७ नंबरच्या दोन सुया, एक क्रोशाची सुई, कात्री आणि मोठ्या नेढ्याची सुई. सुयांच्या नंबरांची गंमत लक्षात ठेवा. आपल्याकडे दुकानात जे नंबर चालतात, त्यात आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. ७ नंबर म्हणजे साडेचार मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे चार, आणि १० नंबर म्हणजे सव्वातीन. मोबाइलवर व्हिडिओ बघून विणणार असाल तर तिथे मिलिमीटर सांगतात, त्यामुळे आकडे जुळवून घ्या. मावशी सैल विणते म्हणून तिला ८ नंबर लागतो. नवशिक्या माणसाचा हात आवळलेला असतो, त्याला ७ बरा.

पण त्याआधी एक काम, जे मला कुठल्याच व्हिडिओत सापडलं नव्हतं: झालरीची लोकर आधी कापून बाजूला ठेवायची. पुस्तकं सांगतात, स्कार्फ पूर्ण करा आणि मग झालर लावा. मग होतं काय, की विणायच्या उत्साहात शेवटचा गुंडा संपतो आणि झालरीला दुसऱ्या लॉटची लोकर आणावी लागते. मावशीने मिठाईच्या खोक्यातून १५ सेंटीमीटर रुंदीचा पुठ्ठा कापला, त्यावर लोकर १०४ वेळा गुंडाळली आणि एका कडेने कात्री चालवली. ३० सेंटीमीटरचे १०४ दोरे झाले. ते एका जुन्या लिफाफ्यात. लोकर लागली जेमतेम तीस मीटर.

मग सुईवर ३६ टाके घालायचे. अंगठ्यावर दोरा घेऊन टाके घालायची जी नेहमीची पद्धत आहे, तिच्यासाठी सुरुवातीला पाऊण मीटरभर शेपूट सोडावं लागतं. टाके सैल घाला. पहिली कडा आवळली गेली तर स्कार्फचं एक टोक पंख्यासारखं निमुळतं दिसतं.

पुढे सगळ्या ओळी सुलट. बस, एवढंच. उजवी सुई डाव्या सुईवरच्या टाक्यात पुढून मागे घालायची, तिच्यावर दोरा घ्यायचा, तो दोरा टाक्यातून पुढे ओढायचा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यायचा. ओळ संपली की सुया हात बदलतात आणि पुन्हा तेच. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं विणलं तर कापड गुळगुळीत दिसतं, पण त्याच्या कडा आत वळतात आणि स्कार्फची नळी होते. सगळं सुलट विणलं की दोन्ही बाजू सारख्या दिसतात, कापड सपाट राहतं आणि थोडं फुगीर होतं, म्हणजे उबही जास्त. सोपं म्हणून ही वीण निवडायची असं नाही. स्कार्फला तीच योग्य.

कडा साखळीसारखी सुबक यावी म्हणून मावशीची एक युक्ती आहे. प्रत्येक ओळीचा पहिला टाका विणायचा नाही. दोरा पुढे ठेवून तो टाका उलट टाक्यासारखा उजव्या सुईवर सरकवायचा, मग दोरा दोन सुयांच्या मधून मागे न्यायचा आणि पुढचे ३५ टाके विणायचे. नवीन गुंडा जोडायचा तो नेहमी ओळीच्या सुरुवातीला, मध्ये गाठ मारायची नाही. दोन रंगांचे पट्टे हवे असतील तर सम ओळींनंतरच रंग बदला, म्हणजे रंगबदलाचे ठिपके एकाच बाजूला राहतात आणि पुढची बाजू स्वच्छ दिसते.

३६ टाक्यांची रुंदी साधारण १८ सेंटीमीटर येते. या विणीत दोन ओळींची मिळून एक वळी उठते, त्यामुळे ओळी मोजायच्या नाहीत, वळ्या मोजायच्या. साधारण तीनशे वळ्यांना दीड मीटर लांबी होते. पण मी सांगेन की १४५ सेंटीमीटरलाच थांबा. हा स्कार्फ वापरात लांब होतो. हात बसला असेल तर रोज दोन तास बसून आठवडाभराचं काम आहे. नव्याने शिकणाऱ्याला दुप्पट वेळ लागेल, पण पन्नासाव्या वळीनंतर सुयांकडे बघावं लागत नाही आणि मग गप्पा सुरू होतात.

गप्पा! नेमक्या त्यासाठीच तर ही वीण इथे चालते. फुलाफुलांचं नक्षीकाम असेल तर तोंड बंद ठेवून टाके मोजावे लागतात. सगळं सुलट असेल तर अकरा ते एक या उन्हाच्या दोन तासांत पूर्ण सेक्टरची खबर मिळते. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कोण क्वार्टर सोडतंय, नागपूरला फ्लॅट पाचव्या मजल्यावर आहे तर तिथे ऊन येतं का. शेवटचा प्रश्न पंजाबी काकूंचा होता. मावशी म्हणाली, बाल्कनी पश्चिमेला आहे. काकू थोडा वेळ विणत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘तो फिर शाम को बैठना.’

दशा, झालर, गोंडे

मावशी झालरीला ‘दशा’ म्हणते. साडीच्या पदराला शेवटी जे सुटे दोरे राहतात, त्या दशा. आजीच्या तोंडचा शब्द, हल्ली कमी ऐकू येतो, आणि ‘काय ही दशा झाली’ म्हणतो ती दशा वेगळी. शालीला, पदराला, सतरंजीला दशा राहतात त्या विणकराने ताण्याचे दोरे कापल्यामुळे. दोन सुयांच्या विणकामात असे दोरे उरत नाहीत. इथे झालर मुद्दाम लावावी लागते. म्हणजे खरं तर नुसती शोभा. तरी झालर नसलेला स्कार्फ मावशीला अर्धवट वाटतो. तिचं म्हणणं, झालरीच्या वजनाने टोकं खाली बसतात आणि स्कूटरवर स्कार्फ गळ्यातून उडत नाही. मी काकांच्या मागे बसून बघितलं, बऱ्यापैकी खरं आहे. (टोकं जॅकेटच्या आत मात्र खोचाच. चाकात अडकायला नको.)

टाके बंद करताना दोन टाके सुलट विणून पहिला दुसऱ्यावरून उचलून सोडायचा, आणि हा प्रकार शेवटपर्यंत. इथेही हात सैल ठेवा. सुटे दोरे मोठ्या नेढ्याच्या सुईने कडेत लपवून टाका.

मग लिफाफ्यातले दोरे काढायचे. चार दोरे एकत्र घेऊन मधोमध दुमडायचे. क्रोशाची सुई स्कार्फच्या कडेतून मागून पुढे काढायची, दुमडलेल्या दोऱ्यांचा फास तिच्यात अडकवून मागे ओढायचा, मग त्या फासातून दोऱ्यांची आठही टोकं काढून घट्ट करायची. झाला एक गोंडा. दर तीन टाक्यांना एक, असे एका कडेला तेरा आणि दुसऱ्या कडेला तेरा. फास सगळे एकाच बाजूने येतील याकडे लक्ष द्या, नाहीतर एक गोंडा उजवीकडे बघतो आणि दुसरा पाठमोरा. हे काम तेलुगू काकूंनी ओढून घेतलं, कारण क्रोशाची सुई हा त्यांचा प्रांत! मी चार गोंडे लावेपर्यंत त्यांचे तेरा झाले होते. शेवटी स्कार्फ टेबलाच्या कडेवर ठेवून झालर कंगव्याने विंचरायची आणि कात्रीने एका रेषेत कापायची.

हा स्कार्फ कोमट पाण्यात साध्या लिक्विडने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा आणि आडवा पसरून वाळवा. दोरीवर टांगला तर महिन्याभरात दोन मीटरचा होईल. इस्त्री अजिबात नको, ॲक्रिलिक चपटं होऊन चमकायला लागतं. आणि पेटत्या गॅसजवळ घालून उभं राहू नका. मी काकांना विचारलं होतं, की पस्तीस वर्षांत तुम्हाला मावशीने एकही मफलर कसा विणून दिला नाही. ते म्हणाले, दिले ना, चार दिले. पण गेटपर्यंतच. आत गरम लोखंडाजवळ असलं सिंथेटिक वितळून कातडीला चिकटतं, तिथे सुती गमछाच हवा. पहाटे स्कूटरवर मफलर, गेटच्या आत गमछा. चारही मफलर त्यांनी स्वतः घडी करून नागपूरच्या बॅगेत ठेवले होते.

पाच स्कार्फ

पाच स्कार्फांचे रंग मावशीने आधीच ठरवले होते. तेलुगू काकूंना मेंदी, बंगाली काकूंना मरून, सिव्हिक सेंटरजवळ राहणाऱ्या मल्याळी मैत्रिणीला राखाडी, गावी गेलेल्या छत्तीसगढी वहिनींना गडद निळा. तो कुरिअरने जाणार होता. पाचवा, मी विणत होते तो, केशरी-पिवळा. तो पंजाबी काकूंसाठी.

काकूंच्या मिस्टरांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्या मावशीच्या हळदीकुंकवाला येत नाहीत. मावशीने पहिल्या वर्षी बोलावलं होतं, त्यांनीच दारातून हसून नाही म्हटलं. ‘तुम्हारे घर में बाकी लोग भी आते हैं.’ मावशीने त्यावर वाद घातला नाही, पण ती गोष्ट तिला बोचत राहिली, हे पाचव्या स्कार्फच्या रंगावरून मला कळलं. काकू हल्ली फिके रंगच घालतात.

हळदीकुंकू शनिवारी होतं. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास, पहिली सवाष्ण यायच्या आधी, मावशी तबक घेऊन समोरच्या घरी गेली. मी मागे स्कार्फ घेऊन. तबकात तिळगूळ, हळद, कुंकू सगळं होतं. काकू म्हणाल्या, हे काय. मावशी म्हणाली, ‘पहिलं वाण गुरूला.’ पुढे दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. काकूंनी हळद लावून घेतली. कुंकवाच्या वेळी मान थोडी मागे नेली आणि मग पुढे केली. स्कार्फ हातात घेतल्यावर त्यांनी आधी काय केलं, तर तो उलटा करून कडा तपासली. ‘पहला फंदा उतारा है. अच्छा सिखाया.’

संध्याकाळी तीस-पस्तीस बायका येऊन गेल्या. काकू आल्या नाहीत. पण आठ वाजता काकांनी फाटक लावायला घेतलं तेव्हा त्या त्यांच्या अंगणात उभ्या होत्या, गळ्यात केशरी स्कार्फ.

परतीच्या गाडीत माझ्या पिशवीत दोन ७ नंबरच्या सुया आणि राखाडी लोकरीचे तीन गुंडे होते. चौथ्या गुंड्यातून झालर आधीच कापून लिफाफ्यात ठेवली आहे. गोंदियापर्यंत चाळीस वळ्या झाल्या.